फादर थॉमस स्टीफन्स आणि त्यांचे 'क्रिस्तपुराण'

इ. स. १५८४ मध्ये तीन इंग्रज प्रवासी गोव्याहून निसटून उत्तरेकडे निघाले. बेळगाव, विजापूर, गोवळकोंडे, बऱ्हाणपूर असा प्रवास करीत ते माळव्याच्या पठारावर चढले, मांडूचा अभेद्य दुर्ग पाहून उज्जयिनीस गेले आणि पुढे सिरोंजच्या वाटेने आग्र्याकडे रवाना झाले. त्यांच्यापैकी राल्फ फिच याने स्वदेशी परतल्यावर लिहिलेल्या वृत्तांतात मांडूचा उल्लेख आहे. धारपासून अवघ्या काही कोसांवर असलेल्या त्या ओसाड राजधानीचे इंग्रजी भाषेतील जे आरंभीचे उल्लेख आहेत, त्यांत याची गणना होते. हे प्रवासी मांडूपर्यंत पोहोचू शकले, याला एक कारण होते. काही महिन्यांपूर्वी ते गोव्याच्या तुरुंगात पडले असताना त्यांच्या सुटकेसाठी रदबदली करणाऱ्यांत त्यांचाच एक देशबांधव होता. तो जेझुइट पंथाचा धर्मगुरू होता. पुढे बत्तीस वर्षांनी त्याच धर्मगुरूने मराठी ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

देवास आणि धारच्या वाचकांना मराठी दरबाराशी जवळीक साधलेला एक इंग्रज लेखक चांगला परिचित आहे. ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली देवास थोरली पाती येथे महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी चिटणीस होते. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी डोळे भरून पाहिला, आणि १९२४ च्या कादंबरीत व १९५३ च्या 'द हिल ऑफ देवी' या पुस्तकात त्याला स्थान दिले. परंतु फॉर्स्टर यांनी जे पाहिले ते इंग्रजीत आणि इंग्रजी वाचकांसाठी लिहिले. त्यांच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी आलेला हा दुसरा इंग्रज मात्र मराठीत आला तो मराठीचाच होऊन राहिला. मराठी माणसाला मराठी परंपरेच्या वळणाने काही सांगता येईल का, हा त्याचा जन्माचा प्रश्न होता. त्याच्या चरित्राचे महत्त्व या प्रश्नात आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात बुश्टन या गावी एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. त्यांच्या तारुण्याचा काळ हा इंग्लंडमधील रोमन कॅथलिकांच्या दृष्टीने कसोटीचा होता. १५५८ साली एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि राज्याचा धर्म प्रॉटेस्टंट ठरला. जुन्या श्रद्धेला चिकटून राहणाऱ्यांना दंड, तुरुंग आणि पुढे पुढे देहान्त शिक्षाही भोगावी लागे. थॉमस पाउंड नावाच्या एका सधन गृहस्थाच्या सहवासात स्टीफन्स काही काळ होते. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा आणि जेझुइट संघात प्रवेश करण्याचा बेत केला. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे तीस वर्षे बंदिवासात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी संघाची दीक्षा घेतली. स्वतःच्या श्रद्धेसाठी देश सोडावा लागलेला हा तरुण पुढे अशा प्रदेशात जाणार होता, की जेथे दुसऱ्यांच्या श्रद्धेवर राज्यसत्तेचा तसाच आघात चालू होता. हा विरोधाभास त्यांच्या चरित्राचा अभ्यास करणाऱ्याने नजरेआड करू नये.

जेझुइट संघाचे शिक्षण त्या काळच्या युरोपात नावाजलेले होते. १५५१ साली रोममध्ये स्थापन झालेले महाविद्यालय हे त्याचे केंद्र. या शिक्षणाची रचना पायऱ्यापायऱ्यांची असे. आधी लॅटिन आणि ग्रीक भाषांचे व्याकरण. मग सिसेरोचे गद्य, व्हर्जिलचे काव्य, वक्तृत्वशास्त्र. त्यानंतर ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान. आणि शेवटी बायबल व संत थॉमस अक्वायनस यांच्या परंपरेतील ईश्वरविज्ञान. १५९९ मध्ये संघाने हा अभ्यासक्रम नियमबद्ध केला, पण त्याची रूढी आधीपासूनच पडली होती. ख्रिस्तपूर्व काळातील, म्हणजे ख्रिस्ती दृष्टीने अन्यधर्मीय अशा कवींचे वाचन या अभ्यासक्रमात गौण नव्हते. ज्याला भाषेचे सौष्ठव कळत नाही त्याला शास्त्राचा अर्थ नीट कळणार नाही आणि कळला तरी दुसऱ्याला सांगता येणार नाही, अशी त्यामागील धारणा होती. काव्य, शास्त्र आणि धर्मतत्त्व ही तीन निराळी दालने न मानता एकाच घराचे तीन चौक मानणारी ही पद्धती होती. आपल्याकडील पाठशाळांतही व्याकरण आणि रघुवंशादी काव्ये यांच्या उंबरठ्यावरूनच विद्यार्थी शास्त्राकडे जात असे. तेव्हा हा विचार आपल्या वाचकांना परका वाटू नये. स्टीफन्स यांनी रोमच्या वास्तव्यात तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि पूर्वेकडे जाण्याची परवानगी मागितली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज सुटले आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास लागले. १० नोव्हेंबरला त्यांनी वडिलांना या प्रवासाचे सविस्तर पत्र लिहिले. वारे, प्रवाह, होकायंत्राचे वर्तन, समुद्रपक्षी, खलाशांमधील रोगराई या सर्वांची त्यात बारकाईने नोंद आहे. १५८९ साली रिचर्ड हॅक्लुइट याने इंग्रजांच्या समुद्रप्रवासांचा जो प्रसिद्ध संग्रह छापला त्यात हे पत्र समाविष्ट झाले, आणि हिंदुस्थानच्या जलमार्गाविषयी इंग्रज व्यापाऱ्यांचे कुतूहल वाढण्यास त्याने हातभार लावला. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणून स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते. पण व्यापाराशी वा राज्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. गोव्यात ईश्वरविज्ञानाचा राहिलेला अभ्यास उरकून १५८० मध्ये ते धर्मगुरू झाले आणि साष्टी तालुक्यात त्यांची नेमणूक झाली. पुढील सुमारे चाळीस वर्षे, म्हणजे उरलेले सारे आयुष्य, त्यांनी प्रामुख्याने साष्टीतच घालविले.

स्टीफन्स गोव्यास उतरले त्या वेळी तेथे अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून जाणाऱ्या पहिल्या जेझुइट शिष्टमंडळाची तयारी चालू होती. त्याचे प्रमुख रुडॉल्फ आक्वाविवा आणि त्यांचे सहकारी मोन्सेराते हे १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले व सुरतेवरून मांडू, उज्जयिनी, सिरोंज या मार्गाने १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. मोन्सेराते यांनीही मांडूचे वर्णन लिहून ठेवले आहे. म्हणजे स्टीफन्स यांच्या परिचयातील माणसे चार वर्षांच्या अंतराने दोनदा धारच्या परिसरातून गेली. बादशहाच्या दरबारात तीन वर्षे धर्मचर्चा करून आक्वाविवा परतले आणि साष्टीचे प्रमुख झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २५ जुलै १५८३ रोजी, कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी त्यांना व त्यांच्या चार सहकाऱ्यांना ठार केले.

ही घटना एकाएकी घडली नव्हती. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे आली होती. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन होते. १५६७ साली साष्टीतील देवळे मोठ्या संख्येने पाडण्यात आली आणि त्याच वर्षीच्या धर्मपरिषदेने हिंदूंच्या आचारांवर व ग्रंथांवर कडक निर्बंध घातले. कित्येक कुटुंबे देव घेऊन सीमेपलीकडे गेली. राहिले त्यांच्यापैकी अनेकांनी धर्म बदलला. कुंकळ्ळीसारख्या गावांनी प्रतिकार केला, पाडलेली देवळे पुन्हा उभारली, आणि ती पुन्हा पाडली गेली. त्या संतापाचा उद्रेक १५८३ मध्ये झाला. त्याचा सूडही तितकाच भीषण होता. बोलणीसाठी म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या गावप्रमुखांची तेथे कत्तल झाली. मारल्या गेलेल्या सहकाऱ्यांचे देह मिळवून त्यांचा अंत्यविधी करण्याच्या कामी स्टीफन्स यांनी पुढाकार घेतला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्यांनी पॅरिसमधील भावाला या घटनेविषयी लिहिले.

त्याच पत्रात स्टीफन्स यांनी आणखी एक निरीक्षण नोंदविले आहे. या देशातील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिन यांच्या घडणीसारखी आहे, असे त्यांना दिसून आले होते. कलकत्त्याला १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे कूळ एक असावे हे मांडले. त्यापूर्वी दोनशे वर्षे साष्टीतील एका खेड्यात बसलेल्या माणसाला या साम्याची चाहूल लागली होती. आजूबाजूला रक्तपात झालेला असताना, सहकाऱ्यांचे मृतदेह पुरून आल्यावर, मारणाऱ्यांच्या भाषेविषयी आदराने लिहू शकणारे मन कसे असेल याचा विचार करावा. लॅटिन-ग्रीकच्या अभ्यासाने आलेली दृष्टी येथे उपयोगी पडली. ज्या भाषांत व्हर्जिल आणि होमर झाले त्यांच्या तोलाची ही भाषा आहे, हे एकदा पटल्यावर तिला अडाण्यांची बोली समजणे स्टीफन्स यांना शक्य नव्हते.

गोव्यातील मिशनऱ्यांना मराठी ग्रंथांची ओळख त्यांच्या आधीपासून होती. १५५९ च्या सुमारास एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या मदतीने मराठी पोथ्या मिळवून त्यांचे पोर्तुगीज अनुवाद करण्यात आले होते. रामायण-महाभारताच्या मराठी व कोकणी कथा रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या हस्तलिखितांचा संग्रह पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहे. परंतु या वाचनाचा मूळ हेतू खंडनाचा होता. स्टीफन्स यांनी त्याच पोथ्या दुसऱ्या नजरेने वाचल्या. त्यांनी ओवीचा डौल ऐकला, श्रोता-वक्ता यांच्या संवादाची बैठक पाहिली, आणि पुराण सांगणाऱ्यापुढे सारे गाव का बसते हे समजून घेतले. त्याच काळात पैठणला एकनाथ होते. १५७३ मध्ये त्यांचे भागवत पूर्ण झाले होते आणि १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. स्टीफन्स यांच्या ओवीवर याच ग्रंथपरंपरेचे संस्कार आहेत.

साष्टीतील चर्चशेजारच्या शाळांत मुलांना ख्रिस्ती धर्माचे प्राथमिक धडे प्रश्नोत्तररूपाने शिकविले जात आणि रविवारी मोठ्यांसाठीही उपदेश होत असे. परंतु नवख्रिस्ती समाजाची एक मोठी उणीव त्यातून भरून निघत नव्हती. त्यांच्या पूर्वजांच्या घरी पुराणे ऐकली जात होती, चातुर्मासात पोथ्या लागत होत्या. त्या आता निषिद्ध ठरल्या होत्या आणि त्यांच्या जागी दुसरे काहीच आले नव्हते. 'क्रिस्तपुराणा'च्या आरंभी स्टीफन्स यांनी ही व्यथा एका श्रोत्याच्या तोंडून वदविली आहे. धर्मोपदेश ऐकणारा एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला वाचायला-ऐकायला तशीच पुराणे का देत नाही? प्रश्न साधा आहे, पण त्यातील वेदना खरी आहे. ज्या समाजाची पोथी काढून घेतली जाते त्याचा केवळ धर्मच नव्हे, तर भाषा, संध्याकाळ आणि एकत्र बसण्याचे निमित्तही जाते. स्टीफन्स यांनी पाठ करून घ्यावयाचे आणखी एक प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहिण्यावर समाधान न मानता त्या प्रश्नाला पुराणानेच उत्तर दिले.

१६१६ साली राशोल येथील जेझुइट विद्यालयाच्या छापखान्यात हा ग्रंथ छापून निघाला. त्याचे मूळ शीर्षक पोर्तुगीज होते, पण लोकांनी त्याला 'क्रिस्तपुराण' हेच नाव दिले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या आगमनापर्यंतची जुन्या करारातील कथा ३६ प्रसंगांत, तर दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ५९ प्रसंगांत सांगितले आहे. प्रसंगाला 'अवस्वरू' अशी संज्ञा आहे. रचना ग्रांथिक ओवीची आहे. आरंभी मंगलाचरण आहे. त्यात त्रैक्यरूप परमेश्वराला आणि मारियेला वंदन केले आहे. मग मराठी भाषेची स्तुती येते. ज्ञानदेवांनंतर मराठीचे इतके मनःपूर्वक गुणगान क्वचितच कोणी केले असेल, आणि ते एका परदेशी माणसाने केले, ही गोष्ट शालेय पुस्तकांतून आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. आपली भाषा प्रामुख्याने मराठी आहे, मात्र लोकांना अवघड वाटतील असे जुने शब्द टाळून त्या जागी ब्राह्मणांच्या बोलीतील, म्हणजे कोकणीतील, सोपे शब्द घातले आहेत, असा खुलासाही स्टीफन्स यांनी केला आहे. वाचकाची सोय आणि परंपरेची प्रतिष्ठा या दोहोंचा तोल सांभाळण्याची ही दृष्टी उत्तम शिक्षकाची आहे.

या ग्रंथात तीन विद्या एकत्र आल्या आहेत. बायबलातील कथा हा त्याचा देह. पतन, प्रतीक्षा आणि उद्धार हे ईश्वरविज्ञानाचे सूत्र हा त्याचा कणा. केवळ गोष्टींची माळ न ओवता मनुष्य परमेश्वरापासून दुरावला कसा आणि तारणारा का यावा लागला, या एका प्रश्नाभोवती सारी कथा गुंफली आहे. आणि मराठी पुराणाची शैली हा त्याचा प्राण. मध्येच श्रोता शंका काढतो, वक्ता समाधान करतो, दृष्टांत देतो आणि पुन्हा कथेकडे वळतो. ही रीत एकीकडे आपल्या हरिदासांची, तर दुसरीकडे रोमच्या विद्यालयातील शंका-समाधान पद्धतीचीही आहे. दोन परंपरांतील साम्य स्टीफन्स यांना हेरता आले, म्हणून त्यांची रचना ठिगळ लावल्यासारखी वाटत नाही.

परिभाषेच्या बाबतीतही त्यांनी असाच मार्ग काढला. परमेश्वर, मुक्ती, स्वर्ग, वैकुंठ, गुरू, शास्त्र हे शब्द त्यांनी निर्भयपणे स्वीकारले. वैकुंठ हा विष्णूच्या लोकाचा शब्द ख्रिस्ती स्वर्गासाठी वापरणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. शब्द घेतला की त्याच्यामागे त्याचे सारे गोत येते, हे शिकलेल्या धर्मगुरूला ठाऊक असणारच. तरीही जो शब्द श्रोत्याच्या मनात आधीच पूज्य आहे, त्याच्याच आधाराने नवा अर्थ नेता येतो, यावर त्यांचा विश्वास होता. काही संज्ञा मात्र त्यांनी लॅटिन व पोर्तुगीजमधून तशाच ठेवल्या, कारण तेथे अर्थाचा घोटाळा त्यांना नको होता. त्याच पिढीतील मातेओ रिच्ची हे काही काळ गोव्यात राहून पुढे चीनला गेले व तेथील अभिजात ग्रंथ शिकून चिनी पंडितांशी त्यांच्या भाषेत बोलू लागले. रोबेर्तो दे नोबिली यांनी १६०६ पासून मदुरेस संस्कृत व तमिळचा आश्रय घेतला. स्टीफन्स यांचे कार्य याच कोटीतील आहे. फरक इतकाच, की त्यांचे श्रोते पंडित किंवा मांडारिन नव्हते, तर साष्टीतील गावकरी, त्यांच्या बायका आणि मुले होती.

या कार्याचे मोल करताना त्याची दुसरी बाजू सांगणे अवश्य आहे. 'क्रिस्तपुराण' हे धर्मप्रसाराचे साधन होते. त्यात हिंदू देवदेवतांची निंदा आहे, मूर्तिपूजेवर कठोर टीका आहे, आणि ती वाचताना आजच्या वाचकाचे मन दुखावते. ज्या ब्राह्मणाच्या तोंडी स्टीफन्स यांनी पुराणांची मागणी घातली, त्याची मूळ पुराणे हिरावून घेणाऱ्या सत्तेच्या छायेतच ते राहत होते. त्या सत्तेविरुद्ध त्यांनी आवाज उठविल्याचे दिसत नाही. एवढे मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्यांच्या मागे-पुढे अनेकांनी ही भाषा नष्ट करण्याजोगी मानली; त्यांनी ती परमेश्वराची कथा वाहण्याजोगी मानली. दोहोंतील अंतर मोठे आहे, आणि मराठीच्या इतिहासाने स्टीफन्स यांना जो मान दिला तो या अंतराबद्दल दिला आहे.

ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. स्टीफन्स यांची इच्छा वेगळी होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी त्यांनी रोमला संघाचे प्रमुख क्लॉडिओ आक्वाविवा, म्हणजे कुंकळ्ळीस मारल्या गेलेल्या रुडॉल्फ यांचे चुलते, यांना पत्र लिहिले. येथील भाषेतील पुस्तके येथील लिपीत छापावीत, अशी त्यांची विनंती होती. अडचणही त्यांनी प्रांजळपणे मांडली. या लिपीत अक्षरे जोडून लिहिली जातात, म्हणून सुमारे सहाशे खिळे लागतील असे वाटते. परंतु युक्तीने ती संख्या दोनशेवर आणता येईल. ही विनंती फळाला आली नाही. ती मान्य झाली असती तर मराठी मुद्रणाचा आरंभ सतराव्या शतकाच्या पहिल्या पावातच देवनागरीत झाला असता. तो योग श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी यांच्या वाट्याला दोनशे वर्षांनी आला.

१६१९ साली, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, स्टीफन्स गोव्यातच निवर्तले. त्यांची आणखी दोन पुस्तके त्यांच्या पश्चात राशोलला छापली गेली. १६२२ मध्ये कोकणीतील 'दौत्रिना क्रिस्तां', म्हणजे प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक, आणि १६४० मध्ये कोकणी भाषेचे पोर्तुगीजमधून लिहिलेले व्याकरण. या व्याकरणात फादर दियोगो रिबेरो यांनी भर घातली होती. भारतातील प्रचलित भाषेचे छापून निघालेले पहिले व्याकरण म्हणून त्याला मान दिला जातो. म्हणजे बालकांसाठी प्रश्नोत्तरे, प्रौढांसाठी पुराण आणि शिकविणाऱ्यांसाठी व्याकरण अशी पूर्ण शिक्षणसामग्री त्यांनी एकट्याने सिद्ध केली.

'क्रिस्तपुराणा'च्या पुढील दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. गोव्याच्या चर्चमधून आणि घराघरांतून ते गायिले व वाचले जाऊ लागले. मग वारे फिरले. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली. मोगलांच्या चालीमुळे त्यांना माघारी फिरावे लागले आणि गोवा थोडक्यात बचावला. दुसऱ्याच वर्षी, १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने फर्मान काढले, की रहिवाशांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. गोव्यातील छापखाने त्या सुमारास बंद पडले होते. ते पुन्हा सुरू झाले १८२१ मध्ये. १७५९ साली जेझुइट संघालाच पोर्तुगालच्या राज्यातून हद्दपार करण्यात आले. ज्या भाषेत स्टीफन्स यांनी आपले सर्वस्व ओतले, ती शिकविणारे कोणी उरले नाही.

या उलथापालथीत तिन्ही आवृत्त्यांच्या छापील प्रती नाहीशा झाल्या. आज त्यांपैकी एकही प्रत उपलब्ध नाही. छापील ग्रंथ बुडाला आणि हाताने नकलून घेतलेल्या प्रती तेवढ्या वाचल्या. गोव्यातून दक्षिणेकडे मंगळूर भागात स्थलांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या बरोबर नेल्या होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्या जपल्या होत्या. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीतील चौथी आवृत्ती सिद्ध केली. विद्वानांचे लक्ष या ग्रंथाकडे वळले ते या आवृत्तीमुळे. त्यानंतर १९२५ च्या सुमारास जस्टिन ॲबट यांनी लंडनच्या एका ग्रंथालयात विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहातील देवनागरी हस्तलिखित उजेडात आणले. त्यात परक्या संज्ञांऐवजी मराठी-संस्कृत शब्द अधिक आढळतात. १९५६ मध्ये पुण्याहून शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांची आणि २००९ मध्ये नेल्सन फाल्काव यांची आजच्या मराठी गद्यरूपांतरासह आवृत्ती निघाली.

स्टीफन्स यांनी घातलेली वाट पुढे मराठीत पुसली गेली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'ख्रिस्तायन' हाती घेतले. ते १९१९ मध्ये निवर्तल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केले आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झाले. संतवाणीच्या संस्कारांतून ख्रिस्तचरित्र सांगण्याचा हा दुसरा मोठा प्रयत्न. टिळक जन्माने मराठी होते. त्यांना भाषा मायेच्या दुधाबरोबर मिळाली होती. स्टीफन्स यांना ती वयाच्या तिसाव्या वर्षानंतर, परक्या भूमीत, अक्षर अक्षर करून मिळवावी लागली.

धारच्या भूमीला पोथ्यांच्या नाशाचे आणि अक्षरांच्या चिकाटीचे वेगळे धडे देण्याची गरज नाही. भोजराजाच्या या नगरीत 'पारिजातमंजरी' हे नाटक शिळेवर कोरलेले होते. त्याचा एक भाग विसाव्या शतकाच्या आरंभी सापडला आणि उरलेला काळाच्या उदरात गेला. 'क्रिस्तपुराणा'ची कथा याच्या उलट आहे. त्याच्या शिळा नव्हत्या, छापील प्रती राहिल्या नाहीत, राजाश्रय तर विरोधातच गेला. ते वाचले, कारण काही साध्या घरांनी ते वाचायचे आणि नकलायचे सोडले नाही. मराठी मुलुखापासून दूर माळव्यात शंभर वर्षे मराठी पुस्तके सांभाळणाऱ्या सभासदांना आणि आश्रयदात्यांना या घरांचे मोल अधिक समजेल. आमची पुराणे गेली, आता आम्ही काय वाचावे, हा साष्टीतील श्रोत्याचा प्रश्न स्टीफन्स यांनी ऐकला आणि उत्तरादाखल उरलेले आयुष्य दिले. ग्रंथालयाच्या दारात येणारा प्रत्येक वाचक थोड्याफार फरकाने तोच प्रश्न घेऊन येत असतो.